जोडधंदा कशाला जोडावा: नवपदवीधरांसाठी प्राथमिक कृती

सातवीच्या परीक्षेत आम्हाला एक निबंध हमखास यायचा: शेतीला पूरक जोडधंदे. कुक्कुटपालन, शेळीपालन, दुग्धव्यवसाय आणि पानावर जागा उरलीच तर मधमाश्या. व्याख्या गुरुजींनी घोटून घेतली होती. मूळ धंद्याला जो जोडतात तो जोडधंदा. मूळ धंदाच नसेल तर जोडायचं कशाला, हे तेव्हा वर्गात कुणी विचारलं नाही, कारण आम्ही अजून पदवीधर व्हायचे होतो.

आता झालो आहोत. म्हणून ही मार्गदर्शिका.

लेखकाची पात्रता: गाव मंगळवेढ्याजवळ, भूगोल घेऊन बीए, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर पाचवं वर्ष. राज्यसेवा पूर्व दोनदा पास, मुख्य दोनदा नापास. म्हणजे प्रस्तावना चांगली जमते. खुल्या गटाला वयोमर्यादा 38 वर्षं आहे, त्यामुळे घाई नाही, असं आमच्या खोलीतले सगळे म्हणतात. घरमालक म्हणत नाहीत.

साहित्य

पदवीचं प्रमाणपत्र एक (मूळ प्रत गावाकडे लोखंडी पेटीत असू द्यावी, इथे तिच्या झेरॉक्सलाही कुणी विचारत नाही). मोबाइल एक, काच तडकलेली चालेल, बॅटरी मात्र रात्री अकरापर्यंत टिकणारी हवी. दुचाकी एक, शक्यतो रूममेटची. इस्त्रीचा शर्ट एक. आणि चवीपुरतं खोटं: गावाकडून फोन आला तर ‘अभ्यास चाललाय’, पुण्यात कुणी विचारलं तर ‘थोडं फ्रीलान्सिंग’. ही दोन्ही भांडी वेगवेगळ्या फळीवर ठेवावीत. एकदा आईचा फोन आला असताना मी चुकून दुसरं भांडं उघडलं. फ्रीलान्सिंग हा आजार आहे की कोर्स, असं तिनं दोन दिवस शेजारी विचारलं.

वेळापत्रक आखताना जुन्या पुण्याकडे पाहावं. पूर्वी इथे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं जुळली की आठवडा पार पडला. आपली पद्धत तीच, ताटाच्या जागी काम. सोमवार, बुधवार, शुक्रवार शिकवणी. मंगळवार, गुरुवार पेपर तपासणं. शनिवार-रविवार डिलिव्हरी. जो वार रिकामा जाईल तो अभ्यासाचा. नवशिक्यांची इथेच गल्लत होते, ते अभ्यासाचे वार आधी ठरवतात.

पहिली पायरी: शिकवणी

श्रीगणेशा शिकवणीनं करावा. भांडवल लागत नाही, चहा मिळतो, आणि लोक ‘सर’ म्हणतात, जे एरवी पोस्ट निघाल्याशिवाय कुणी म्हणत नाही. मला कोथरूडच्या एका मोठ्या सोसायटीत सहावीतला मुलगा मिळाला. विषय गणित, माध्यम इंग्रजी. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, “सर, एलसीएम कसा काढायचा?” मी शांतपणे म्हटलं, “आधी तू कसा काढतोस ते दाखव.” शिकवणीतली सगळ्यात मोलाची युक्ती ही, लिहून ठेवा. त्यानं दोन ओळी मांडल्या आणि मला ओळख पटली. अरे, हा तर आपला लसावि! म्हणजे शेजारचा एचसीएफ हा मसावि. गावात धोतरात पाहिलेला माणूस शहरात सुटाबुटात भेटावा, तसं झालं. पुढचे दोन महिने मी रात्री त्याच्या पुस्तकाचं मराठी करायचो आणि संध्याकाळी त्याचं परत इंग्रजी. भाषांतराच्या धंद्यात हेच काम शब्दाच्या दरानं विकलं जातं. शिकवणीत ते फीमध्ये धरलेलं असतं.

मुलाच्या आईला काय म्हणायचं, हे आधी ठरवा. ताई म्हटलं तर फी मागता येत नाही. मॅडम म्हटलं तर चहा बंद होतो. काकू म्हणू नका; शिकवणीच जाते. फी आपण होऊन मागायची असते हे मला उशिरा कळलं. पहिला महिना संपल्यावर मी वाट पाहिली. त्यांनीही पाहिली. ते कुटुंब माझ्यापेक्षा संयमी निघालं.

त्या सोसायटीच्या फाटकावर परभणीकडचे एक वॉचमन काका बसतात. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाची त्यांना मोबाइलमध्ये नोंद करावी लागते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय म्हणून टाकू?” पर्याय होते पाहुणे, डिलिव्हरी, टॅक्सी आणि घरकाम. शिक्षक हा पर्याय नव्हता. काकांनी बराच वेळ विचार केला आणि मला घरकामात टाकलं. “नेमानं यायचं आसंल तर ह्येच बरं पडतंय,” म्हणाले.

दुसरी, तिसरी आणि चौथी पायरी (एकदमच उरकाव्यात)

‘घरबसल्या टायपिंग करा.’ नोंदणी फी मागितली की तिथूनच मागे फिरावं. भरलीत तर काम येतं. काम पूर्ण केलंत की त्यात चुका निघतात. चुका निघाल्या की करार मोडला म्हणून वकिलाच्या नावानं नोटीस येते, आणि ती मिटवायला पुन्हा पैसे. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मित्राला आलेल्या नोटिशीत ‘न्यायालय’ हा शब्द तीन प्रकारे लिहिला होता. घाबरून त्यानं तिन्ही वेळा पैसे भरले. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे शे-दीडशे रुपये खरोखर जमा होतात. ते गळाला लावलेलं गांडूळ. मग पुढच्या कामासाठी आपणच आधी पैसे भरायचे असतात, आणि ते परत येत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा. हे वाक्य थट्टेत धरू नये.

खोलीतला दुसरा एक जण दुपारभर मोबाइलवर लाल-हिरव्या मेणबत्त्या बघत असतो. त्याच्यासाठी सेबीनं 2024 साली आकडे जाहीर केले आहेत: 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख रुपये. राज्यसेवेत नापास होणाऱ्यांचं प्रमाण याहून जास्तच असतं, पण तिथे नापास व्हायला दोन लाख लागत नाहीत. निदान एकदम लागत नाहीत.

आणि ज्या मित्रानं कॉलेज संपल्यापासून एकदाही फोन केला नाही तो ‘एक संधी आहे, कॉफीवर बोलू’ म्हणाला, तर कॉफी प्यावी, बिल त्याला देऊ द्यावं आणि त्यानं कागदावर पिरॅमिड काढायच्या आत उठावं.

सरकारी पायरी म्हणाल तर तीही होऊन गेली. 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: पदवीधराला सहा महिने, महिना 10 हजार रुपये विद्यावेतन. लोकांनी तिचं नाव लगेच ‘लाडका भाऊ’ ठेवलं. लाडाला मुदत असते, हे धरून चालावं.

पाचवी पायरी: तपासनीस व्हावं

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हणून 2023 साली पुण्यात मोठं आंदोलन झालं आणि नवा नमुना 2025 पर्यंत पुढे ढकलला गेला. तेव्हा मीही रस्त्यावर बसलो होतो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. आता त्याच वर्णनात्मक पेपरच्या सराव चाचण्या निघाल्या आहेत आणि त्या तपासायला माणसं लागतात. दर उत्तरामागे ठरलेला. मुख्य परीक्षेत स्वतः दोनदा आपटलेला मनुष्य लाल पेन घेऊन समासात ‘विश्लेषण कमी पडते’ असं लिहितो, तेव्हा त्याला जे समाधान मिळतं त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत. एकदा एका उत्तरपत्रिकेतलं उत्तर मला फार आवडलं. दहापैकी सात दिले. नंतर लक्षात आलं, ते माझ्याच जुन्या नोट्समधून उतरवलेलं होतं. अप्पा बळवंत चौकात रद्दीत गेल्या असणार.

सहावी पायरी: पाठीवरची पिशवी

डिलिव्हरीला लायसन्स, गाडीची कागदपत्रं आणि मणका लागतो. हे काम शिकावं लागत नाही असा समज आहे. चूक. पेठांतले वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींना जुन्या वाड्यांचीच नावं असतात, आणि ‘मारुतीसमोर’ हा पत्ता पुण्यात पत्ताच नव्हे. मारुती कोणता ते आधी सांगावं लागतं. दोन आठवड्यांत मला पेठेतले मारुती तोंडपाठ झाले. भूगोल घेऊन बीए केल्याचा हा आजवरचा एकमेव थेट फायदा.

पावसात ऑर्डरमागे जादा पैसे पडतात. त्यामुळे जूनमध्ये गावाकडून वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोन आला, “काय रं, पाऊस हाय का तिकडं?” आणि मी “आहे” म्हटलं, की दोन्हीकडे आनंद होतो, कारणं वेगळी. पावसाच्या तोंडाकडे बघत जगणारी आमच्या घराण्यातली ही चौथी पिढी. माझ्याकडे फक्त रेनकोट आहे.

एका शनिवारी पिझ्झा घेऊन त्याच सोसायटीच्या फाटकावर उभा राहिलो. काकांनी हेल्मेटखाली ओळखलं नाही, सरळ डिलिव्हरीत टाकलं आणि मागच्या लिफ्टकडे बोट केलं. तोच मी, तोच मजला. शुक्रवारी पुढची लिफ्ट, शनिवारी मागची. दार माझ्याच विद्यार्थ्यानं उघडलं. “सर?” आता अशा प्रसंगी काय करावं, हे कोणत्याच पुस्तकात नाही, म्हणून इथे देतो. पिझ्झा डाव्या हातात घ्यावा, चेहरा गंभीर करावा आणि विचारावं, “होमवर्क झालं का?” तो आत पळाला. त्या ऑर्डरला पाच तारे मिळाले.

हंगामी पायरी: गणपती

ऑगस्ट उजाडला की तीन रूममेटनी मिळून पेणहून शाडूच्या मूर्ती आणाव्यात आणि फुटपाथच्या कडेला मांडव टाकावा. आम्ही साठ आणल्या. मूर्तीची किंमत कमी करा, असं फारसं कुणी म्हणत नाही. त्याऐवजी सोंड, डोळे आणि उंदीर यांत दोष काढतात. “उंदीर जरा उदास वाटतो,” असं एक आजोबा म्हणाले. मी म्हटलं, “सकाळपासून उभा आहे.” मूर्ती गेली.

धोका चतुर्थीच्या दुपारी कळतो. त्या वेळेनंतर मूर्तीला बाजारभाव नसतो. आमच्या चार उरल्या. परत पाठवायला टेम्पो परवडेना, कुणाला नुसत्या द्यायला मन होईना. कॉटखाली ठेवल्या. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, तेव्हा सोवळंओवळं लागू नाही, असं आमच्यातल्या एकानं शास्त्र सांगितलं. तरी दुसऱ्या दिवसापासून खोलीत ऑम्लेट बंद झालं, ते वर्षभर. मार्गदर्शनाचा मुद्दा एवढाच: मूर्ती मोजून आणाव्यात.

उपसूचना, लग्नाविषयी. मामा माझ्यासाठी स्थळं बघतोय. शेती आहे म्हटलं की मुलीकडचे ‘पुण्यात नोकरी आहे का’ विचारतात. पुण्यात असतो म्हटलं की ‘पॅकेज किती’. बायोडेटात ‘व्यवसाय’ या शब्दापुढे मामानं गेलं वर्षभर कोरी जागा सोडली आहे. त्याचं अक्षर सुंदर आहे, तरी अडतोय.

सातवी पायरी: ज्वारी

ही पायरी मला सापडली ती शिकवणीच्या चहावर. मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, डाएटिशियननं गहू बंद केलाय, ज्वारी खायला सांगितलीय, पण बाजारातल्या पिठाची भाकरी थापताना तुटते. मी बिस्किट खाली ठेवलं. आयुष्यात प्रथमच त्या घरात मला एखाद्या प्रश्नाचं उत्तर मराठीतून येत होतं. म्हटलं, “मॅडम, पीठ जुनं असेल. विरी गेली की तुटते. दळून आठवड्यात संपवायचं असतं.”

मंगळवेढ्याची मालदांडी. काळ्या खोल जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात, नंतर नशीब असेल तर थंडी आणि दव यांवर पिकते. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, त्याच वर्षी अर्थसंकल्पात त्यांना ‘श्री अन्न’ असं नाव मिळालं. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, नाव वाढलं, भाव सांग.

भाव असा. बाजारात अण्णांना किलोला 36 रुपये मिळाले होते. सोसायटीत मी 60 लावले. मधल्या 24 रुपयांना बघून डोळे फिरतात, म्हणून लगेच कागद घेऊन बसावं: कट्ट्याची शिलाई, हमाली, ट्रॅव्हल्सच्या डिकीचं भाडं, स्वारगेटवर पहाटे पाचला रिक्षावाल्याशी घातलेला वाद, चाळण, पाच-पाच किलोच्या पिशव्या, आणि ‘मागच्या वेळी एक खडा निघाला’ म्हणून द्यावी लागणारी सूट. हातात किलोमागे दहा-अकरा उरतात. आमच्या गावानं दुष्काळात बादशहाचं कोठार फोडून धान्य फुकट वाटणारे दामाजीपंत घडवले. व्यापार आमच्या रक्तात नाही, याला असा पाचेकशे वर्षांचा पुरावा आहे.

गिऱ्हाइकांचे प्रश्न ठरलेले असतात, उत्तरं तयार ठेवावीत. “ऑर्गॅनिक आहे का?” मी तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णा, आपण ज्वारीला रासायनिक खत घातलं होतं का? “खत घालायला पैसं कुठं हुतं रं?” मी फोन ठेवून म्हटलं, शंभर टक्के ऑर्गॅनिक. “ग्लुटेन आहे का?” नाही, आणि हे अण्णांना विचारू नये. “दळून मिळेल का?” मिळेल, पण त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी काढली, तिची फी मला वर्षाला 100 रुपये पडली. उद्यम नोंदणी फुकट होते. ती करून देण्याचे हजार रुपये मागणारे पदवीधर भेटतील. त्यांचा तो जोडधंदा आहे, राग मानू नये.

बी विंगमध्ये सोलापूरकडच्या एक आजी राहतात. त्यांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला, आणि कुणाच्या रानातली, असं विचारलं. मी गाव सांगितलं, शिवार सांगितलं. त्यांनी एकदम तीस किलो घेतली आणि पैसे देताना म्हणाल्या, “बाळ, तू काय करतोस?” मी सवयीनं कोणतं भांडं उघडावं याचा विचार करत राहिलो, तोवर त्यांनीच माझ्या हाताकडे पाहिलं. फेब्रुवारी होता. नुकताच काढणीहून परतलो होतो. आमच्याकडे ज्वारी कापत नाहीत, ताट दोन्ही हातांनी धरून मुळासकट उपटतात, आणि उपटायला आता माणूस मिळत नाही. म्हणून गेले दोन हंगाम मी पंधरा दिवस गावी जातो. शिकवणीला ‘आजारी आहे’ कळवतो, पेपर बसमध्ये तपासतो, डिलिव्हरीचं रेटिंग घसरू देतो. यंदा अण्णांनी बांधावर बसून हिशेब केला. कडबा त्यांनी विकला, दाणे मी. दाण्याच्या रकमेकडे दोनदा बघून ते म्हणाले, “म्हंजी आता तुझ्या धंद्याला आमचं रान जोडल्यागत झालं की.”

सातवीच्या गुरुजींना हे कळवायला हवं. निबंधात एक मुद्दा वाढेल.

वर्षाचा जमाखर्च थोडक्यात: शिकवणी, पेपर, पिशवी, गणपती (उणे चार) आणि ज्वारी मिळून कॉटचं भाडं, खानावळ, अभ्यासिकेची फी आणि परीक्षेचे फॉर्म निघतात. वर जे उरलं त्यातून आईला मिक्सर घेतला. तिला तो पहिल्या पगारातला वाटतो.

परवा सकाळी दोन कट्टे घेऊन फाटकावर पोचलो. एक खांद्यावर, एक रिक्षात. पाठीवरच्या बॅगेत तपासलेले पेपर आणि त्या पोराची गणिताची वही. तेवढ्यात मामाचा फोन. तो कानाला आणि खांद्याला धरला.

“हे बघ, बायोडेटा छापायला टाकलाय, माणूस समोर उभा आहे,” मामा म्हणाला. “कामाचं काय लिहू?”

वॉचमन काकांनी मोबाइल उघडला. एकदा कट्ट्याकडे, एकदा बॅगेकडे पाहिलं. “आज काय म्हणून टाकू?”

मी कट्टा खाली ठेवला आणि दोघांना मिळून एकदाच विचारलं, “पर्याय काय काय आहेत?”